डीपी जळाली की डीपी बदलला?

रब्बीच्या दिवसांत गावात कुणी "डीपी जळाली" म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंद पडलेली मोटार आणि पाण्यावाचून माना टाकलेला गहू उभा राहतो. इथे डीपी म्हणजे शिवारातलं विजेचं रोहित्र आणि त्याची पेटी. ती जळाली की शेतकऱ्यांची वर्गणी, वीज कार्यालयात खेटे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला दुरुस्तीला नेणं, असा सगळा खटाटोप सुरू होतो. त्याच गावातली कॉलेजात जाणारी मुलगी "डीपी बदलला" म्हणते, तेव्हा तिने व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बदललेला असतो. पुण्यात रिक्षावाल्याला "डीपी रोडला चला" म्हटलं तर तो विचारतो, "कुठला? औंधचा की म्हात्रे पुलाजवळचा?" हा डीपी शहराच्या विकास आराखड्यातला. आणि शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या माणसाचा डीपी म्हणजे त्याचे शेअर्स ज्या मध्यस्थामार्फत जमा असतात तो.

एका राज्यात, एका भाषेत, एकाच वेळी चार डीपी सुखाने नांदतात. मराठीने त्यांची ओळख पटावी म्हणून थोडी सोयही करून ठेवली आहे. रोहित्राची डीपी बहुतेक ठिकाणी ती असते, फोटोचा डीपी तो असतो. पण खरी ओळख पटते ती बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि दोघं उभे कुठे आहेत, यावरून.

अशी उदाहरणं पावलोपावली सापडतात. "एसटीचं आरक्षण मिळालं का?" हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर स्वारगेटला विचारला तर तो कोकणातल्या गाडीतल्या आसनाबद्दल असतो. हाच प्रश्न मोर्चात निघाला तर अनुसूचित जमातींच्या हक्कांबद्दल. टीसी लोकलच्या डब्यात शिरला की विनातिकीट माणूस दाराकडे सरकतो. शाळेचा टीसी मात्र दुसऱ्या शाळेत प्रवेश घेताना मागितला जाणारा दाखला. आणि मेसेजच्या शेवटी आलेला टीसी फक्त 'काळजी घे' एवढंच सांगतो. पोलीस ठाण्यात एपीआय म्हणजे सहायक निरीक्षकसाहेब. हिंजवडीच्या संगणक कंपनीत एपीआय म्हणजे दोन प्रणालींना एकमेकींशी बोलू देणारी सोय. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची गंमत तर वेगळीच. त्याला केटी लागली म्हणजे विषय राहिला. आणि राहिलेला विषय जलसिंचनाचा असेल, तर त्यात अभ्यासायला पुन्हा केटीच, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

लघुरूपं वेळ वाचवण्यासाठी जन्माला येतात, असं आपण धरून चालतो. काही अंशी ते खरं आहे. पण 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' म्हणून पाहा. 'वर्ल्ड वाइड वेब' म्हणायला त्याहून कमी वेळ लागतो. तरीही आखूड म्हणून मिरवलं ते लघुरूपच. बोलीतली लघुरूपं, म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावरची, बरॅकीतली, वॉर्डातली, मोबाइलवरची, बारकाईने पाहिली तर त्यांचं मुख्य काम वेगळंच दिसतं. आपल्यातलं कोण आणि बाहेरचं कोण हे ती ठरवतात. ज्याला अर्थ कळतो तो आत, ज्याला विचारावा लागतो तो बाहेर. अक्षरं कमी असण्यापेक्षा ती सगळ्यांना न कळणं महत्त्वाचं. आणि गोट तितके अर्थ असल्यामुळे एकाच लघुरूपाचे चार-चार अर्थ होतात.

बोस्टनची टिंगल

जगातलं सगळ्यांत यशस्वी लघुरूप अशाच एका गोटातल्या थट्टेतून जन्माला आलं. १८३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वर्तमानपत्रवाल्यांमध्ये आद्याक्षरांची साथ आली होती. कुठलाही वाक्प्रचार घ्यायचा आणि त्याची नुसती पहिली अक्षरं छापायची. एवढ्यावर भागेना म्हणून त्यांनी पुढची पायरी गाठली. आधी स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि मग त्या चुकलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं घ्यायची. 'ऑल राइट'चं 'ऑल' ओ अक्षराने लिहायचं, 'राइट'च्या आधी डब्ल्यू लावायचा, आणि झालं ओ.डब्ल्यू. 'नो यूज' म्हणजे निरुपयोगी. त्याचं झालं के.वाय. अडाणी माणसाच्या लिहिण्याची ही टवाळी होती, आणि ती कळायला शुद्ध स्पेलिंग येणं भाग होतं.

२३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी दुसऱ्या शहरातल्या एका संपादकाला चिमटे काढणारा मजकूर लिहिला. त्यात ओ.के. ही अक्षरं आली आणि शेजारीच खुलासाही, 'ऑल करेक्ट'. म्हणजे सगळं बरोबर. गंमत अशी की 'ऑल'ची सुरुवात ओने होत नाही आणि 'करेक्ट'ची केने होत नाही. सगळं बरोबर असल्याची ग्वाही देणारी दोन्ही अक्षरं चूक. विनोद तेवढाच होता.

त्या साथीतली बाकीची बहुतेक लघुरूपं वर्ष-दोन वर्षांत विरली. ओके वाचलं ते राजकारणामुळे. १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायला सुरुवात केली आणि न्यूयॉर्कमध्ये ओ.के. क्लब निघाला. आपला माणूस ओके आहे, म्हणजे किंडरहूकचाही आणि सगळं बरोबर असलेलाही. विरोधकांनीही हीच दोन अक्षरं उचलली. देश तेव्हा मंदीत होता. त्यांनी विस्तार केला 'खिशात पैसा नाही, बाजारात पत नाही', अर्थात स्पेलिंग सोयीनुसार बिघडवून. आणखी एकाने कंडी पिकवली की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नव्हतं, कागदपत्रं मंजूर करताना 'ऑल करेक्ट' चुकीचं लिहून ते हीच अक्षरं खरडत. व्हॅन ब्यूरन हरले. ओके मात्र घराघरांत पोचलं, आणि पुढे तारयंत्राच्या कारकुनांनी 'संदेश मिळाला' या अर्थाने ते उचलल्यावर त्याला मरण उरलं नाही.

मग लोक मूळ थट्टा विसरले आणि ओकेला नवनवी कुळं चिकटू लागली. कुणी ते ग्रीक भाषेतलं ठरवलं, कुणी स्कॉटिश. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ते चॉक्टॉ आदिवासींच्या भाषेतलं वाटे, म्हणून ते त्याचं स्पेलिंगही वेगळं करत. हा गुंता सुटला तो शंभरहून अधिक वर्षांनी. कोलंबिया विद्यापीठातले भाषाअभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून १९६३-६४ साली लेखमाला लिहिली आणि बोस्टनच्या त्या मजकुरापर्यंत माग काढला.

रिकाम्या अक्षरांना चिकटणारे अर्थ

ओकेची ही गोष्ट एक सवय दाखवते. अक्षरं नुसती अक्षरं राहिलेली माणसाला बघवत नाहीत. अर्थ ठाऊक नसेल तर तो तयार करतो.

एसओएसचं उदाहरण घ्या. 'आमचे जीव वाचवा' या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं, असं शाळेतही सांगितलं जातं. प्रत्यक्षात १९०५ मध्ये जर्मनीने आणि १९०६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा संकेत निवडला तो त्याच्या नादासाठी. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. बुडत्या जहाजावरच्या थरथरत्या हाताला वाजवायला सोपा आणि वादळी खरखरीतही ओळखू येणारा. अक्षरांना काहीच अर्थ नव्हता. 'जीव वाचवा' नंतर आलं.

दुसरं उदाहरण थेट मुंबईच्या बंदराशी जोडलेलं आहे. इंग्रजीत उंची, थाटामाटाच्या गोष्टीला 'पॉश' म्हणतात, आपणही म्हणतो. त्याची दंतकथा अशी: इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन उन्हापासून जरा वाचलेली असे. श्रीमंत साहेब तीच घेत आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरं उमटवली जात. कथा झकास आहे, तपशील चोख आहेत, फक्त तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्दाचं मूळ इंग्रजी बोलीतल्या पैशाच्या किंवा छानछोकीच्या जुन्या शब्दांत असावं, असा अभ्यासकांचा कल आहे. विसाव्या शतकाच्या आधी आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची रीत फारच विरळा होती, हेही एक कारण. अशा घडलेल्या शब्दांना इंग्रजीत 'अ‍ॅक्रोनिम' हे नाव पडलं तेही १९४० च्या दशकात. तेव्हा एखाद्या जुन्या शब्दाचं मूळ आद्याक्षरांत आहे असं कुणी रंगवून सांगू लागलं, तर गोष्ट ऐकावी आणि विश्वास जरा राखून ठेवावा.

पदव्या, लिफाफे आणि केसपेपर

लघुरूपाच्या जिवावर वरिष्ठांची टिंगल करायची परंपराही जुनी. ब्रिटिश साम्राज्यात मुत्सद्दी आणि वसाहतींतल्या अधिकाऱ्यांना सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज यांच्या नावाचे किताब मिळत. खालचा सी.एम.जी., वरचा के.सी.एम.जी., सर्वांत वरचा जी.सी.एम.जी. हाताखालच्या कारकुनांनी त्यांचे विस्तार करून ठेवले होते. पहिला म्हणजे 'मला देव म्हणा', दुसरा 'कृपया मला देव म्हणा' आणि तिसरा 'देव मला देव म्हणतो'. हिंदुस्थानासाठी किताब वेगळे होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांना सी.आय.ई. मिळाला होता, त्यावरचा के.सी.आय.ई. देऊ केल्यावर त्यांनी तो नाकारला. नावापुढच्या चार अक्षरांना त्या काळात काय वजन होतं, हे त्या नकारावरून कळतं.

किताबांची हीच थट्टा आजच्या एका लाडक्या लघुरूपाच्या सर्वांत जुन्या दाखल्यात सापडते. ओएमजी मोबाइलवरच्या पोरींनी काढलं, अशी सर्वसाधारण समजूत. पण सप्टेंबर १९१७ मध्ये शहात्तर वर्षांच्या एका निवृत्त आरमारप्रमुखाने, अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी, विन्स्टन चर्चिलना पत्र लिहिलं. महायुद्ध चालू होतं, सरकार नवे किताब वाटत होतं आणि फिशर आरमारी खात्यावर जळफळत होते. त्यांनी लिहिलं, की आणखी एक नवा किताब येतोय म्हणे, ओ.एम.जी.; आणि कंसात विस्तार दिला, 'ओह माय गॉड'. आरमारी खात्यावर त्याची खैरात करा, असा आहेरही दिला. फिशर आणि आजची शाळकरी मुलगी यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षं आहेत, पण दोघांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा तोच.

दुसऱ्या महायुद्धात ही कला साध्या शिपायाच्या हातात आली. ब्रिटिश सैनिकांची पत्रं वरिष्ठ उघडून वाचत. मग बायकोला किंवा मैत्रिणीला मनातलं सांगायचं कसं? लिफाफ्याच्या मागे देशांची आणि शहरांची नावं लिहून. 'इटली' लिहिलं की 'माझा तुझ्यावर विश्वास आहे आणि प्रेमही'. 'हॉलंड' म्हणजे 'आपलं प्रेम टिको, कधी न मरो'. 'नॉरिच' आणि 'बर्मा' यांचे विस्तार पोस्टमनसमोर सांगण्यासारखे नाहीत. मी घरी पोचेन तेव्हा अंगावर कमीत कमी कपडे असू देत, एवढाच त्यांचा सारांश. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे सगळे अर्थ पाठ असत. तरीही पत्र जाई. दोघांमधलं गुपित जगाला कळलं तरी ते दोघांचंच राहतं, हे बहुधा त्यालाही पटत असावं.

अमेरिकी सैन्यात त्याच सुमारास 'स्नाफू' निघालं. 'परिस्थिती नेहमीसारखीच: सगळा बट्ट्याबोळ.' मूळ विस्तारात बट्ट्याबोळाच्या जागी एक कचकचीत शिवी होती, पण अक्षर तेच ठेवून सभ्य पर्यायही देता येई. बोलणाऱ्याने शिवी द्यायची आणि साहेबाने हटकलं तर सभ्य अर्थ सांगून मोकळं व्हायचं. सैन्याने शेवटी हा शब्द स्वतःच दत्तक घेतला. 'प्रायव्हेट स्नाफू' नावाचा वेंधळा शिपाई घेऊन प्रशिक्षणाची व्यंगचित्रपट मालिकाच काढली आणि तिच्या लेखकांमध्ये पुढे मुलांच्या पुस्तकांमुळे जगप्रसिद्ध झालेले डॉ. स्यूस होते.

दोन अर्थांची ही पळवाट सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती डॉक्टरांना. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत केसपेपरवर कोपऱ्यात काही अक्षरं दिसत. 'एनएफएन' म्हणजे 'नॉरफोकच्या मानाने ठीक', अर्थात त्या ग्रामीण परगण्यातल्या लोकांची डोक्यावरून केलेली चेष्टा. 'यूबीआय' म्हणजे 'कारण न कळलेली, बिअरनंतरची दुखापत'. डॉ. अ‍ॅडम फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा सांगितला गेलेला एक किस्सा फार गाजला. केसपेपरवर 'टीटीएफओ' लिहिलेलं होतं. अर्थ, रुग्णाला शिवी हासडून वाटेला लावलं. प्रकरण न्यायाधीशासमोर गेल्यावर डॉक्टरांनी शांतपणे विस्तार सांगितला, 'तोंडावाटे द्रवपदार्थ द्यावेत'. अक्षरं जुळली, प्रकरण निभावलं. रुग्णांना स्वतःची कागदपत्रं पाहण्याचा हक्क मिळाल्यावर मात्र केसपेपरवरची ही अक्षरं झपाट्याने कमी झाली. गोट उघडा पडला की परवलीचा शब्द निरुपयोगी होतो.

लोल: आजी, प्रेम आणि हसू

या सगळ्या कुळात सर्वांत जास्त फिरलेलं लघुरूप लोल. १९६० च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'छोटीशी म्हातारी बाई'. डॉक्टर मंडळी काठी टेकत येणाऱ्या आजींसाठी तो वापरत. पत्राच्या शेवटी लिहिलं तर काहींच्या लेखी तो 'खूप प्रेम'. १९८९ च्या सुमारास संगणकांवरून गप्पा मारणाऱ्या मंडळींच्या याद्यांमध्ये तो 'मोठ्याने हसतोय' म्हणून दिसू लागला. डच भाषेत तर हा पूर्ण शब्दच आहे आणि त्याचा अर्थ मजा.

दोन अर्थांच्या सांध्यात ब्रिटनचे पंतप्रधानच अडकले. मे २०१२ मध्ये वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढे माजी संपादक रिबेका ब्रुक्स यांची साक्ष झाली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आपल्याला पाठवलेल्या मेसेजखाली कधी कधी एल.ओ.एल. लिहीत, असं त्यांनी सांगितलं. 'खूप प्रेम' असा कॅमेरॉन यांचा समज होता. खरा अर्थ कळल्यावर त्यांनी ते थांबवलं. आयोगाने पुढे मोठा अहवाल दिला. लोकांच्या लक्षात राहिली ती ही तीन अक्षरं.

मोबाइलवर लघुरूपांचा पूर आला त्याला तांत्रिक कारण होतंच. १९८५ मध्ये जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टंकयंत्रावर मनाला येतील ती वाक्यं टंकून अक्षरं मोजली आणि एका संदेशाला १६० अक्षरं पुरेत असं ठरवलं. ३ डिसेंबर १९९२ रोजी पहिला एसएमएस गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. देवनागरीला मात्र ही मर्यादा ७० वर येते. संदेशाची एकूण जागा तेवढीच, पण आपलं प्रत्येक चिन्ह जास्त जागा खातं. शिवाय काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. एसएमएसला पैसे पडत, आणि दिवाळी किंवा नव्या वर्षाच्या दिवशी सवलतीही बंद असत. मग मराठी माणसाने रोमन लिपी धरली, तीही स्वर गाळून. वर्तमानपत्रांतून भाषेच्या ऱ्हासावर अग्रलेख आले.

भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ मध्ये या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं, की इंग्रजी मेसेजमध्ये असे आखडलेले शब्द जेमतेम दहा टक्के असतात. बाकी भाषा नेहमीचीच. आता फोनवर अक्षरांची मर्यादा राहिली नाही, मेसेजला वेगळे पैसे पडत नाहीत, फोन शब्द स्वतःहून पूर्ण करून देतो. तरी लघुरूपं गेली नाहीत, उलट वाढली. काटकसर हेच खरं कारण असतं, तर ती कधीच ओसरली असती.

चि. सौ. कां. ते रच्याकने

मराठीला आद्याक्षरांचं वेड इंग्रजीने लावलं नाही. पोस्टकार्डाच्या जमान्यातलं कुठलंही पत्र काढा. वर 'ती. बाबांस' आणि 'शि. सा. न.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', सप्रेम नमस्कार विनंती विशेष. धाकट्याला 'चि.' आणि 'अ. उ. आ.', अनेक उत्तम आशीर्वाद. तळाशी 'क. लो. अ.', आणि राहून गेलेलं काही आठवलं की 'ता. क.' पत्ता 'मु. पो.'ने सुरू. कुणाला काय लागतं हे चुकलं तर अख्ख्या घराण्याचं वळण निघे. लग्नपत्रिकेवर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' अजून टिकून आहेत, विधवेच्या नावाआधीचं 'गं. भा.' सुदैवाने मागे पडत चाललं आहे. ही औपचारिक लघुरूपं, पण काम तेच: कोण कुणाच्या वर, कोण आतलं, कोण परकं.

मराठीचं एक वैशिष्ट्य इथे दिसतं. इंग्रजी लघुरूपात नुसती अक्षरं येतात, बऱ्याचदा सुटी सुटी उच्चारावी लागतात. मराठीत आद्याक्षर आपली मात्रा, वेलांटी, उकार घेऊन येतं, त्यामुळे ती एकापुढे एक ठेवली की आपोआप शब्द होतो. गदिमा, वपु, अंनिस, मसाप. शिकवावं लागत नाही, जीभ स्वतःच वळते.

२००० नंतर मराठी मंडळी जगभरातून इंटरनेटवर देवनागरीत गप्पा मारू लागली, तेव्हा त्यांनी हीच युक्ती वापरून स्वतःची बोली घडवली. न्यू जर्सीचा अभियंता, सिंगापूरची बँकवाली आणि डोंबिवलीचे निवृत्त काका यांना जोडणारी. 'हहपुवा' म्हणजे हसून हसून पुरेवाट. 'हहगलो' म्हणजे हसून हसून गडाबडा लोळणं. दोन्ही लोलची मराठी भावंडं, पण लोलपेक्षा चित्र जास्त स्पष्ट. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. कधी मनापासून, कधी 'वाचलं, आता आवरा' या अर्थाने. 'पुभाप्र' म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. 'व्यनि' म्हणजे व्यक्तिगत निरोप. भांडण चव्हाट्यावर नको असेल तर "व्यनि करतो" असं म्हणायचं. 'कृहघ्या' म्हणजे कृपया हलकेच घ्या. हे लिहिलेलं असलं की आधीचं वाक्य झोंबणारं आहे, हे नक्की.

या सगळ्यांचा मुकुटमणी 'रच्याकने'. इंग्रजीत विषयांतर करताना 'बाय द वे' म्हणतात. त्याचं कुणीतरी मुद्दाम शब्दशः भाषांतर केलं, 'रस्त्याच्या कडेने', आणि ते आखडलं. आता हे तपासून पाहा. टंकायला 'बाय द वे'हून सोपं नाही आणि नवख्याला अजिबात कळत नाही. आपल्या मराठीत यासाठी 'बरं का' किंवा 'जाता जाता' हे आयतं पडलेलं आहेच. काटकसरीच्या हिशेबात रच्याकने सपशेल नापास होतं. पण ते वापरणाऱ्याने तीन गोष्टी सिद्ध केलेल्या असतात: त्याला इंग्रजी कळतं, शब्दशः भाषांतराचा वाह्यातपणा कळतो, आणि तो या कट्ट्यावर नवा नाही. बोस्टनच्या संपादकांनी मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग आणि मराठी मंडळींनी मुद्दाम चुकवलेलं भाषांतर ही एकाच जातीची थट्टा आहे.

बाहेरच्याच्या कानी पडलं तर

एका गोटातली अक्षरं दुसऱ्या गोटात जाऊन पडली की धमाल होते, कधी नुकसानही. तायक्वांदोची जागतिक संघटना १९७३ मध्ये सोलला स्थापन झाली आणि तिच्या नावाची आद्याक्षरं झाली डब्ल्यूटीएफ. दोन-तीन दशकांनी याच तीन अक्षरांचा इंटरनेटवर एक संतापलेला, शिवराळ प्रश्न झाला. ऑलिंपिकच्या मैदानात ती अक्षरं झळकली की जगभरचे प्रेक्षक हसत. शेवटी जून २०१७ मध्ये संघटनेने नावातून 'फेडरेशन' काढूनच टाकलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पर्यटन महासंघाने त्याच कारणासाठी २००९ मध्ये नावातल्या शब्दांचा क्रम बदलला होता. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. अक्षरांवर कुणाचीच मालकी नसते, एवढंच.

कधी अर्थ थेट उलटा होतो. अमेरिकी खेळांच्या बोलीत 'गोट' म्हणजे ज्याच्या घोडचुकीमुळे सामना गेला तो, बळीचा बकरा. मुहम्मद अलीच्या पत्नीने १९९२ मध्ये 'सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'जी.ओ.ए.टी.' नावाची कंपनी काढली. २००० मध्ये रॅप गायक एलएल कूल जे याने त्याच नावाचा अल्बम आणला. आता सचिन मोठा की विराट या वादात नातू कुणाला तरी गोट म्हणतो आणि आजोबांना वाटतं, पोरगं शेळी कशाला म्हणतंय?

परदेशी गेलेल्या भारतीयांनी तर एकमेकांना चिमटे काढण्यासाठी लघुरूपांची देवाणघेवाणच केली. अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्या पिढीला आईबापांच्या पिढीने नाव ठेवलं 'एबीसीडी': अमेरिकेत जन्मलेला गोंधळलेला देशी. त्या मुलांनी नव्याने आलेल्यांना म्हटलं 'एफओबी', नुकताच बोटीतून उतरलेला. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला विचाराल तर एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या खर्चासकटचा भाव. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात एबीसीडी आणि एफओबी हे दोन्ही गट एकाच पंगतीत भेटतात. एनआरआय या सरकारी शब्दाचाही इकडे राहिलेल्यांनी नवा विस्तार केला, 'परत न येणारा भारतीय'. घरचा माणूस घरच्याला म्हणतो तोवर ही थट्टा असते. बाहेरच्याने तीच अक्षरं उच्चारली की अपमान होतो.

गोटाबाहेर पोचलेलं लघुरूप गोटाला नकोसंही होतं. आत्या आणि मामा लोल लिहू लागले, तेव्हा मुलांनी ते टाकलं. ओकेचंही तसंच. पूर्ण 'ओके' साधं, 'ओक्के' प्रेमळ, पण नुसतं 'के' आलं तर तरुण मुलगा अस्वस्थ होतो: चिडली की काय? एक अक्षर वाचवलं आणि रुसवा कळवला. ज्यांना हा संकेत ठाऊक नाही ते वडील कामाच्या घाईत 'के' पाठवतात आणि मुलगी संध्याकाळपर्यंत विचार करत बसते.

शब्दकोशांना यातलं सगळं उशिरा कळतं. ऑक्सफर्डच्या कोशाने ओएमजी आणि एलओएल यांना मार्च २०११ मध्ये प्रवेश दिला. ओएमजीच्या नोंदीत सर्वांत जुना दाखला म्हणून फिशर यांचं १९१७ चं पत्र आहे. उशीर होणारच. कोशात शिरायचं तर अर्थ सगळ्यांचा व्हावा लागतो आणि लघुरूपाची मजा तो सगळ्यांचा नसण्यात असते. ओके जगभर पसरलं, कारण त्यातली टिंगल सगळे विसरले होते. म्हणून अनोळखी लघुरूप समोर आलं तर त्याचा विस्तार शोधण्याआधी ते कुणी कुणाला लिहिलंय ते पाहावं. विस्तार चार सापडतील. त्यातला कामाचा कुठला, हे त्या दोघांच्या नात्यावरून कळेल. तरीही नाही कळलं तर सरळ विचारावं. विचारणारा क्षणभर बाहेरचा ठरतो खरा, पण उत्तर मिळालं की तोही त्यांच्यातलाच होतो.